व्हीलचेअरवरच्या मुलीची यलो बेल्टची परीक्षा कशी घ्यावी?

मिरजेचा_सर

मंडळी, मी मिरजेत शोतोकान कराटेचा क्लास चालवतो. दिवसा पतसंस्थेत हिशेब, सहानंतर शाळेच्या हॉलमध्ये पोरं. पहिलीतल्या टिल्ल्यांपासून बारावीच्या घोड्यांपर्यंत सगळे असतात. गेल्या पावसाळ्यापासून नववीतली एक मुलगी येतेय. गच्चीवरून पडून मणक्याला मार बसलाय. कागदावर 'डी-१२' (पाठीचा बारावा मणका) लिहिलंय, पायांत हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. आधी धाकट्या भावाला सोडायला आजोबांबरोबर यायची आणि दाराशी बसून आमच्याबरोबर इच-नी-सान-शी मोजायची. मोजता मोजता हात चालायला लागले. मीच म्हटलं, बाहेर कशाला, आत ये की.

आता तिचा साधा पंच माझ्या बऱ्याच ऑरेंज बेल्टवाल्यांपेक्षा सरळ जातो. खांदा उचलत नाही, मनगट मोडत नाही. किआई (मारतानाची आरोळी) अशी, की शेजारच्या वर्गात शिकवणी घेणाऱ्या बाई मला रस्त्यात अडवून तक्रार करतात.

अडचण आहे मार्चच्या ग्रेडिंगची. आमच्याकडे यलोला किहोन (सुटी तंत्रं) आणि हेआन शोदान हा काता (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली) लागतो. नशीब एवढंच, की या कात्याच्या २१ हालचालींत एकही किक नाही. पण पाऊल प्रत्येक हालचालीला आहे आणि वळणं तर विचारूच नका. चालायचं काम आणि मारायचं काम हिच्याकडे एकाच दोन हातांना. चाक ढकलते, थांबते, ब्लॉक करते. पुन्हा ढकलते, थांबते, पंच करते. लाल डबा गावोगाव थांबे घेत जावा तसा काता होतो. प्रत्येक हालचाल बरोबर, पण काता बघितल्यासारखं वाटत नाही. किहोनमध्ये मावाशी (गोल फिरवून मारायची किक) नाही तरी मे-गेरी (समोरची किक) आहेच. त्याचं काय करू?

परीक्षक पुण्याहून येतात. भला माणूस आहे. फोनवर म्हणाले, "तिला जागेवर बसून पंच-ब्लॉक करू दे, बेल्ट देऊन टाकू, पोरगी खूश होईल." हे मी तिला जरा गोड करून सांगितलं. तिने विचारलं, "सर, माझ्या भावाला पण असाच देणार का?"

तर मला सवलत नकोय, मोजपट्टी हवीय. तिच्याकडून नेमकं काय मागायचं आणि काय सोडायचं, हे ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. अंध, मतिमंद मुलांना शिकवलेल्यांनीही लिहा, पुढेमागे उपयोगी पडेल. आणि कृपा करून 'सलाम तिच्या जिद्दीला' एवढंच लिहू नका, ते आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भरपूर झालंय.

जुना_ओबी

सर, रागावू नका, स्पष्ट लिहितो. कराटे पायातून येतं. टाच जमिनीत, टाचेतून कंबर, कंबरेतून मूठ. आम्हाला सहा-सहा महिने नुसतं झेनकुत्सु-दाचीत (पुढचा गुडघा वाकवलेल्या पवित्र्यात) चालवलंय, पंच मारायला मिळाला नाही. टाच आणि कंबर काढली तर उरतो तो हातांचा व्यायाम. चांगला व्यायाम, पण त्याला हेआन शोदान म्हणू नका.

तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, तेव्हा त्यांनी बॉक्सिंगचा हट्ट धरला नाही. पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक घेऊन आले, पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं. मुलीचे खांदे इतके चांगले असतील तर तिला पोहायला घाला. बेल्ट म्हणजे प्रसाद नव्हे, आला त्याच्या हातावर ठेवायला.

चाकधारी_नाशिक

ओबीकाका, तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य आहे आणि त्या मुलीलाही मान्य आहे, नाहीतर तिने भावाचं विचारलं नसतं. पेटकरांबद्दल आदर आहेच. पण त्या काळात खुर्चीवर बसून बॉक्सिंग कुठे करणार होते ते? तिला पोहायचं असेल तर पोहू दे. तिला कराटे करायचंय.

मी डी-१०. ट्रकच्या चाकाखाली बाईक गेली तेव्हा ब्राऊन बेल्ट होतो. आता चाकावरच करतो. सर, तुमचा सगळा घोळ 'आधी ढकल, मग ब्लॉक' यात आहे. ढकलणं हाच ब्लॉकचा पहिला भाग करा. कसं ते बघा.

पहिली हालचाल. डावीकडे वळून डावा गेदान-बराई (खाली झाडायचा ब्लॉक). उभा माणूस काय करतो? डावी मूठ उजव्या कानापाशी नेतो आणि उजवा हात पुढे खाली लांब करतो. मग डावा खाली झाडतो आणि उजवा कमरेला ओढतो. आता खुर्चीत बसा. फक्त उजव्या चाकाची रिम पुढे ढकलली तर खुर्ची कुठे वळते? डावीकडे. ढकलून झाल्यावर उजवा हात कुठे असतो? पुढे आणि खाली, म्हणजे तयारीत जिथे हवा अगदी तिथेच. डावा तोवर कानापाशी. खुर्ची वळून येतेय तेव्हाच डावा झाडायचा आणि उजवा रिमवरून थेट कमरेला. हिकिते (मूठ कमरेला ओढणं) फुकटात मिळतो.

ओई-झुकीला (पाऊल टाकून मारायच्या पंचाला) दोन्ही हातांनी एकच ढकल. खुर्ची सरकत असतानाच मूठ निघाली पाहिजे. उभ्या माणसाचं पाऊल टेकायला आणि मूठ लागायला एक वेळ असते, आपल्याकडे चाक थांबायला आणि मूठ लागायला एक वेळ. ढकलीचा जोर मापून ठेवायचा. हे बसायला मला सगळ्यात जास्त काळ लागला. माझ्या मते तुमच्या परीक्षकांनी बघायची गोष्ट हीच आहे, कारण इथे खोटं चालत नाही.

मनगट सोडवायच्या तेत्सुईला (हातोड्यासारख्या मुठीच्या वाराला) उभा माणूस पुढचा पाय मागे ओढतो. तिने डाव्या हाताने डावं चाक किंचित मागे घ्यावं, अंग आपोआप निघतं.

आता खुर्ची. सरकारी शिबिरात मिळते ती घडीची खुर्ची असणार. तिचे आर्मरेस्ट काढा. निघत नसतील तर खुर्ची बदलायचं बघा, कारण हिकितेला कोपर तिथेच आपटतं. पाठीचं कापड खांद्याच्या पात्यांपर्यंत उंच असेल तर ते खाली घ्या, पाती मागे सरकायला जागा हवी. पंच जोरात मारला की अशी खुर्ची मागे कलंडते, म्हणून मागे आधाराची छोटी चाकं हवीतच. मांड्यांवरून एक पट्टा, पावलांना एक. जागेवरच्या किहोनला ब्रेक लावा, म्हणजे ओबीकाकांची टाच तिथे सापडेल. जाड मऊ मॅटमध्ये पुढची छोटी चाकं रुततात. मॅट कडक आणि पातळ असेल तर ठीक, नाहीतर तिला सरळ शहाबादी फरशीवर घ्या.

आणि अनवाणी नको! क्लासचा नियम असेल तर तिच्यापुरता मोडा. संवेदना नसलेलं पाऊल फूटरेस्टवरून घसरून फरशीवर घासलं तर तिला कळणार नाही, जखम चिघळल्यावर कळेल. मऊ बूट घालू दे.

उरली मे-गेरी. 'मनातल्या मनात किक मार' असलं नाटक करायला लावू नका, माझ्याकडून करवून घेतलंय, लाज वाटते. मे-गेरीचं काम काय? अंगावर येणाऱ्याला लांब ठेवणं. ते काम खुर्ची कशी करते? दोन्ही रिम मागे ओढून झटकन एक हात अंतर घ्यायचं आणि समोरचा झुकून आत आला की त्याच दमात पंच. मे-गेरीच्या जागी हे तपासा. सोपं वाटतंय? करून बघा.

एक गोष्ट उभ्या माणसांना लक्षात येत नाही. बसल्यावर हल्ला वरून येतो. तुमचा चुदान (छातीच्या उंचीचा पंच) माझ्या टाळूवर. त्यामुळे तुम्ही ज्या आगे-उकेला (वर उचलायच्या ब्लॉकला) दुसऱ्या वर्षी कंटाळता, तो माझा रोजचा ब्लॉक आहे. तिच्याकडून आगे-उके जास्त मागा. आणि बुंकाईत (कात्यातल्या हालचाली जोडीदारावर वापरून बघताना) मागून हँडल धरणारा माणूस घ्या. न विचारता खुर्ची ढकलणारे दयाळू लोक आम्हाला दिवसातून किती भेटतात, तिला विचारा.

मिरजेचा_सर

नाशिककर, दंडवत. आज जेवणाच्या सुट्टीत पतसंस्थेतल्या फिरत्या खुर्चीवर बसून वळणं करून बघितली. मॅनेजरांनी दारातून बघितलं आणि काही न बोलता गेले.

फिरत्या खुर्चीला रिम नसते म्हणून फार कळलं नाही, पण संध्याकाळी तिला नुसतं 'ढकलणारा हात तोच हिकिते' एवढं सांगितलं. पहिली दोन वळणं जमली की! तिसऱ्या आगे-उकेनंतरचं २७० अंशांचं वळण मात्र अडतंय. तिथे उलटीकडून उजवीकडे ९० अंश वळवलं तर तोंड त्याच दिशेला येतं. तेवढी सूट द्यावी का?

जुना_ओबी

देऊ नका. आणि हे मी हट्टाने म्हणत नाही.

काल रात्री नाशिककरांचं वाचून मी घरी कागदावर सगळा काता काढला. या कात्यातलं प्रत्येक वळण ब्लॉक करणाऱ्या हाताच्याच दिशेने आहे. डावीकडे वळलात की डावा ब्लॉक, उजवीकडे वळलात की उजवा. शेवटच्या चार शुतो-उकेतही (तळहाताच्या कडेच्या ब्लॉकमध्ये) तेच. इतकी वर्षं शिकवलं, पण मला हे मांडून दाखवायची गरज पडली नव्हती. त्या २७० ला ब्लॉक डावा आहे. तुम्ही उजवीकडे ९० वळवलंत तर खुर्ची फिरवायला डावा हात रिमवर लागणार आणि ब्लॉकही डाव्यानेच करायचा. पुन्हा ढकल-थांब-ब्लॉक. जवळचा रस्ता इथे जास्त खर्चाचा आहे.

डावीकडूनच फिरवा. आधी दोन्ही हातांनी, एक चाक पुढे आणि एक मागे, गरकन अर्ध्याच्या वर फिरू दे. शेवटचे ९० अंश राहिले की फक्त उजव्याची ढकल, डावा कानापाशी. म्हणजे शेवट पहिल्या हालचालीसारखाच होतो. उभा माणूसही तिथे वेळ घेतोच, कुणी गुण कापत नाही.

बसून केलेल्या कराटेत कंबर कुठून आणणार, हा माझा प्रश्न तसाच आहे.

फिजिओ_ताई

ओबीकाका, कंबरेचं मी सांगते. मी मणक्याच्या रुग्णांबरोबर काम करते. डी-१२ म्हणजे पोटाचे आणि पाठीचे बरेचसे स्नायू शाबूत. तिची बैठक भक्कम असणार आणि छाती-बरगड्या नितंबांवर वळू शकणार. म्हणजे कोशी (कंबर) नाही तरी त्याच्या वरचा मजला आहे. डी-४ चा माणूस असता तर तोही नसता, त्याला पंच मारताना दुसऱ्या हाताने खुर्ची धरावी लागली असती. मानेजवळचा मार असेल तर मूठच वळत नाही. त्यामुळे 'व्हीलचेअरवाले' असा एकच नियम करू नका, आधी कागदावरची पातळी बघा.

सर, मला काळजी वेगळीच वाटते. तिचे खांदे हेच आता तिचे पाय आहेत, तेही आयुष्यभराचे. दिवसभर चाक ढकलायचं, पलंगावरून खुर्चीत हातांवर उचलून जायचं, आणि वर तुम्ही शंभर-शंभर पंच घेणार. पुढचे स्नायू आखडतात, पात्यांमागचे ढिले पडतात, मग खांदा दुखायला लागतो आणि तिला विश्रांती द्यायची सोयच नसते. हिकिते चांगला याचसाठी की तो पाती मागे ओढतो. तिच्याकडून पंचाइतकंच लक्ष हिकितेकडे द्यायला सांगा. पंच थोडे घ्या, कोपर शेवटी खाडकन ताठ करू देऊ नका. खांदा दुखतोय म्हणाली तर त्या दिवशी नुसता काता बघू दे.

अर्ध्या तासाने एकदा तरी हातांवर उचलून किंवा पुढे वाकून बसण्यावरचा भार काढायचा, निदान मिनिट-दोन मिनिटं. बाकीच्यांना पाणी प्यायला सोडता तेव्हा हे करायचं. पट्ट्याखाली, नितंबांवर लाली आलीय का ते घरी आईने रोज बघायचं. बेडसोर झाला तर मार्च सोडा, पुढचा मार्चही जाईल.

पडली तर? पायांवर वर्षानुवर्षं भार नसला की हाडं ठिसूळ होतात. खुर्चीतून पडून मांडीचं हाड मोडलं तरी तिला दुखणार नाही. पाय सुजला, गरम लागला, वेगळाच वाकडा दिसला तर 'ती म्हणतेय काही होत नाही' यावर जाऊ नका, एक्स-रे काढा.

पुढे कुणी डी-६ किंवा त्याच्या वरच्या (मानेकडच्या) मणक्याला मार असलेला विद्यार्थी आला तर अचानक डोकं ठणकणं, चेहरा लाल, घाम आणि रक्तदाब भडकणं हे ओळखायला शिका. बहुतेकदा कारण भरलेलं मूत्राशय असतं. माणसाला ताठ बसवा, कपडे-पट्टे सैल करा, लघवीची नळी अडकलीय का बघा आणि दवाखाना गाठा. अशांना उन्हाळ्यात पत्र्याच्या हॉलमध्ये घेऊ नका, अंगाला घाम येत नाही म्हणून ताप चढतो. आणि जन्मजात मणक्याचा दोष असलेल्या मुलांना रबराची ॲलर्जी बऱ्याचदा असते, व्यायामाचे रबरी पट्टे देण्याआधी विचारा.

शेवटचं, आणि पुरुष शिक्षक हे विचारत नाहीत म्हणून लिहिते. शाळेच्या संडासात तिची खुर्ची जाते का? अशा मुली क्लासला येण्याआधी पाणी पिणं बंद करतात. नळीने लघवी काढायची वेळ ठरलेली असते, ती क्लासच्या आधी बसवायची. तिच्या आईला थेट विचारा.

डोंबिवलीची_आई

माझा मुलगा डाउन सिंड्रोमचा, ग्रीन बेल्ट. त्याला कराटे चांगलं मानवलं, कारण रोज तेच, त्याच क्रमाने, मोठ्याने मोजून. एकच गोष्ट सांगते. अशा मुलांच्या मानेतले पहिले दोन मणके कधीकधी सैल असतात. डॉक्टरांना दाखवून, मानेचा एक्स-रे बघून मगच घ्या. कोलांटउडी आणि डोक्यावर पंच आमच्या सरांनी पहिल्या दिवसापासून बंद ठेवलंय. एका वेळी एकच सूचना द्या. 'वळ, ब्लॉक कर, नजर समोर' हे तिन्ही एकदम सांगितलं की तो हसतो आणि काहीच करत नाही.

सर, 'मतिमंद' हा शब्द आता नाही वापरत हो आम्ही. 'बौद्धिक दिव्यांग' म्हणा.

काळा_चष्मा

अंधांचं विचारलंत म्हणून थोडक्यात. 'असं कर, इकडे बघ' याचा मला शून्य उपयोग. माझ्या सरांनी मला त्यांच्या खांद्यावर आणि कोपरावर हात ठेवू दिला आणि ब्लॉक सावकाश केला, दोन मिनिटांत कळलं. दिशा घड्याळाने सांगा, 'नऊ वाजता गेदान-बराई'. मॅटवर चिकटपट्टीखाली सुतळी घालून एक आडवी रेघ काढा, तळव्याला लागते, म्हणजे सुरुवातीच्या जागी परत येता येतं. हॉलमधला पंखा किंवा रस्त्याचा आवाज एकाच बाजूला असला की मी त्यावरून दिशा धरतो, म्हणून परीक्षा दुसऱ्या हॉलमध्ये असेल तर आदल्या दिवशी मला तिथे न्यायचं.

अंधांना लढायचं असेल तर मात्र ज्युडो. पकड धरूनच सुरुवात होते, त्यामुळे दिसण्याची अडचण निम्मी जाते. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या कपिल परमारने कांस्य आणलंच.

तात्पुरता_पालक

सर, या मुलीला पॅरालिम्पिकपर्यंत नेता येईल का? सरकारी नोकरी वगैरे?

चाकधारी_नाशिक

मी उत्तर देतो, कारण या आशेवर पालकांकडून पैसे घेणारे क्लास बघितलेत.

कराटे पॅरालिम्पिकमध्ये नाही. टोकियोतही नव्हतं आणि पॅरिसमध्येही नव्हतं. धडधाकटांचं कराटेही ऑलिम्पिकमध्ये एकदाच आलं, टोकियोला, आणि पॅरिसला गळालं. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये तायक्वांदो आलं, तेही हातांत दोष असलेल्यांचं, कारण तिथे गुण लाथेचे.

पण जागतिक कराटे महासंघाच्या जागतिक स्पर्धेत २०१४ ला जर्मनीतल्या ब्रेमेनपासून पॅरा-कराटे आहे. तिथे काता होतो. दृष्टिदोषवाल्यांचा गट के-१०, बौद्धिक दिव्यांगांचा के-२१, डाउन सिंड्रोमचा के-२२ आणि आमचा व्हीलचेअरवाल्यांचा के-३०. एकाच गटात कुणाला जास्त दोष, कुणाला कमी, म्हणून दोषाच्या प्रमाणात भरपाईचे गुण मिळतात. कर्णबधिरांची वेगळी डेफलिंपिक्स असते, त्यात २००९ च्या तैपेईपासून कराटे आहे.

ओबीकाका, के-३० चे व्हिडिओ बघा. मग बोलू.

जुना_ओबी

बघितले. नातवाने लावून दिले. एका बाईचा संपूर्ण काता खुर्चीत, आणि थांबताना चाकाचा आवाजसुद्धा नाही. तिची नजर वळणाच्या आधी जाते. तुमच्या पोरीला हे सांगा सर, मान आधी, खुर्ची नंतर. आपले उभे विद्यार्थीसुद्धा अंग वळल्यावर डोकं वळवतात.

पोहण्याचं मी मागे घेत नाही. दोन्ही करू दे.

मिरजेचा_सर

सगळ्यांचे आभार. 'बौद्धिक दिव्यांग' ध्यानात ठेवतो, ताई.

परीक्षकांशी परत बोललो. आधी म्हणाले, एवढं कशाला वाढवता. मग मी मागणीचा कागद पाठवला. थोडक्यात असा: काता पूर्ण, २१ च्या २१, क्रमात. वळणं मूळ दिशेने, २७० सुद्धा. वळताना नजर आधी. ढकलणारा हात रिमवरून थेट हिकितेला जातोय का, आणि चाक व मूठ एकदम थांबतायत का, यावर सगळ्यात जास्त गुण. दोन किआई जागच्या जागी. शेवट सुरुवातीच्या जागेवर, अर्धी खुर्ची इकडेतिकडे चालेल. दाचीचे (पायांच्या पवित्र्याचे) गुण नाहीत, त्या जागी बैठक: पाठ ताठ, पंचाबरोबर अंग पुढे पडता कामा नये. मे-गेरीऐवजी माघार आणि पंच, तोही दोन्ही हातांनी आलटून पालटून. जोडीच्या सरावात समोरचा उभा, हल्ला वरून. चुका केल्या तर भावासारखीच नापास.

हा शेवटचा मुद्दा वाचून परीक्षक जरा थांबले. नापास केलं तर लोक काय म्हणतील, असं विचारलं. मी म्हटलं, पोरगी परत बसेल परीक्षेला, दुसरं काय. शेवटी तयार झाले, पण अट घातली की ग्रेडिंगच्या आदल्या संध्याकाळी येऊन तिचा काता एकदा नुसता बघणार, कारण कशाला गुण द्यायचे हे त्यांनाही आधी बघावं लागेल. रास्त आहे.

फिजिओ ताई, संडासाचं विचारलं. तुमचं खरं निघालं. ती दुपारी चारनंतर पाणीच पीत नव्हती. शाळेच्या संडासाला दोन पायऱ्या आहेत आणि दार अरुंद. मुख्याध्यापक बाईंना २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दाखवायची तयारी करून गेलो होतो, त्यातलं कलम ३० खेळाबद्दलच आहे. पण बाई म्हणाल्या, कायदा राहू दे, सुतार आणि गवंडी कोण आणतंय ते सांगा. एका पालकाचं बांधकामाचं काम आहे, तो रविवारी येतोय. तोवर तिच्या आईने क्लासच्या आधी घरी आटोपून आणायचं ठरलंय.

बूट घातले. बाकीच्या पोरांनी लगेच विचारलं, आम्ही पण घालू का. नाही म्हटलं.

आता एकच अडलंय. आर्मरेस्ट ओढून निघत नाहीत आणि मागची आधारचाकं मिरजेत कुणाकडे मिळेनात. वेल्डरकडून करून घेतली तर चालतील का?

चाकधारी_नाशिक

आर्मरेस्टला खाली स्क्रू आहे की सांध्यावर वेल्ड आहे, फोटो टाका. वेल्ड असेल तर कापू नका, काही खुर्च्यांची चौकट त्यावरच उभी असते.

आधारचाकं वेल्डरकडून चालतील, पण फ्रेमला वेल्ड करायला लावू नका, पाइपवर क्लॅम्पने बसवा म्हणजे पायरी चढवताना काढता येतील. जमिनीपासून बोटभर वर ठेवा. आणि पहिल्यांदा तपासताना तिला बसवू नका, तुम्ही बसा आणि ओबीकाकांना ढकलायला सांगा.